वहीतला सात

‘‘काका, तुम्हीच सांगा. एक दिवसाचं ऑडिट घ्यायचं की पंधरा दिवसांचं?’’

मॅनेजरसाहेबांनी दोन्ही कोटेशनं पुढे सरकवली. ऑफिसांच्या या सात मजली इमारतीत विजेचा वापर दोन वर्षांपासून चढत चालला होता, म्हणून एनर्जी ऑडिट करून घ्यायचं ठरलं होतं. मोठ्या ऑडिटमध्ये गच्चीवरच्या एसी प्लांटला पंधरा दिवस मीटर लावणार होते. छोट्यात ऑडिटर एक चक्कर मारणार आणि प्लांटचे आकडे ऑपरेटरच्या वहीतून उतरवून घेणार.

ऑपरेटर म्हणजे काकाच. दर तासाला त्यांच्या वहीत प्लांटमधून निघणाऱ्या थंड पाण्याच्या तापमानाची नोंद पडायची, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत.

‘‘एका दिवसाचं पुरे की,’’ काका म्हणाले. ‘‘वही आहे ना. उगाच पंधरा दिवस लोकांच्या पायात पाय कशाला?’’

‘‘ठरलं मग! काकांची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.’’

काकांनी मान खाली घातली. साहेबांना तो विनय वाटला.

खरी गोष्ट अशी की चार वर्षांपूर्वी काकांचा गुडघा धरला होता. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाते, पुढे गच्चीपर्यंत बत्तीस लोखंडी पायऱ्या. आकडा रोज सात अंशांच्या आसपास असायचा, म्हणून त्या दिवसांत काकांनी तळघरातल्या खोलीत बसूनच सातच्या आसपास लिहिलं. गुडघा दीड महिन्यात बरा झाला. सवय काही बरी झाली नाही. उलट तिच्यात कलाकुसर आली : सकाळी सहा पूर्णांक नऊ, दुपारी सात पूर्णांक दोन, उन्हाळ्यात जरा वर. दुरुस्तीवाले आले की काका त्यांना खालूनच गच्चीची किल्ली देत. कधीकधी स्वतःचीच किळस यायची. तेवढ्यात तास भरायचा आणि काका पुढचा आकडा लिहायचे.

ऑडिटच्या दिवशी ऑडिटर बाई आल्या. वयानं काकांच्या मुलीएवढ्या. गेल्या वर्षीच्या वह्या त्यांनी पानोपान चाळल्या.

‘‘इतकं नेटकं काम मी कुठंच पाहिलं नाही, काका. दोन पानांचे फोटो काढू का? आमच्या नव्या लोकांना दाखवते.’’

‘‘काढा की,’’ काका म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. चालू वही त्यांनी काखेतच धरून ठेवली.

दुपारी बाई आणि साहेब तळघरात फिरत होते, काका मागे. साफसफाईच्या मावशींच्या खोलीशी सगळे थांबले. आत ओले पोछे वाळत होते आणि एक पंखा गरगरत होता.

‘‘वहीप्रमाणे प्लांट ठणठणीत आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हणजे वीज अशीच जागोजाग जात असणार. हा दिवसभर चालतो?’’

‘‘आजच काढतो,’’ साहेब म्हणाले.

‘‘अहो, खिडकी नाही हो इथं!’’ मावशी काकांकडे वळल्या. ‘‘भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना. तुमचा शब्द ऐकतील.’’

गुडघ्याच्या त्या दिवसांत याच मावशी गरम पाण्याची पिशवी भरून आणायच्या. काकांना त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

‘‘पंखा राहू द्या, साहेब. वही खोटी आहे.’’

साहेब हसले. ‘‘काय काका, थट्टा करता!’’

‘‘चार वर्षं मी वर गेलेलो नाही. इथं बसून लिहिलंय सगळं.’’

साहेबांचं हसू हळूहळू गेलं. ‘‘तुमच्या भरवशावर छोटं ऑडिट निवडलं हो मी,’’ एवढंच ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

‘‘चला, वर दाखवा मला,’’ बाई म्हणाल्या.

बत्तीस पायऱ्या काका एका दमात चढले. गुडघा एकदाही दुखला नाही, आणि त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटली. गच्चीवर ते ओळखीच्या पाइपापाशी गेले आणि थबकले. तापमापी जिथं होती तिथं नुसतं बूच बसवलेलं होतं. बुचावर जुना गंज चढला होता.

‘‘तापमापी कधी काढली इथली?’’ बाईंनी विचारलं.

‘‘माहीत नाही,’’ काका म्हणाले.

बाईंनी स्वतःचं यंत्र पाइपाला लावलं. ‘‘अकरा पूर्णांक सहा. म्हणजे वीज इथंच जातेय. तीन वाजलेत. लिहून घ्या.’’

काकांनी काखेतली वही उघडली. आजचं पान संध्याकाळी सहापर्यंत भरलेलं होतं. पाहुणे येणार म्हणून सकाळीच भरून ठेवलं होतं त्यांनी. बाईंनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

काकांनी तीनच्या ओळीतला सात पूर्णांक दोन खोडला आणि वर अकरा पूर्णांक सहा लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग चार, पाच आणि सहाच्या ओळीही एकेक करून खोडल्या.

‘‘मी साहेबांशी मोठ्या ऑडिटचं बोलते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही येताय खाली?’’

‘‘तुम्ही व्हा पुढे. यंत्र तेवढं राहू द्या.’’

बाई गेल्या. काका वही मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसले. चार वाजायला अजून पाऊण तास होता.