मागच्या बोळातला दिवा

आधी थापी गेली, मग पाणसळ, आणि मंगळवारी ओळंबाही. आबांची गवंडीकामाची हत्यारं मागच्या बोळातल्या खोलीत गोणपाटात गुंडाळून पडली होती. आबा परांचीवरून पडले तेव्हा मुलानेच त्यांचं काम बंद करून ती तिथे टाकली होती. हा मुलगा गोदामात आलेला माल तपासायचा. पोत्याला टोचा मारल्याशिवाय आत काय आहे यावर विश्वास ठेवायचा नाही, हीच त्याची नोकरी, आणि ती तो घरीही घेऊन यायचा. बायको त्याला तपासनीसच म्हणायची.

तपासनिसाचा संशय शेजारच्या रंगाऱ्यावर होता. वीस वर्षांचा शेजार, पण रंगारी सध्या अंगणात न्हाणीघराची भिंत बांधत होता. ज्याला ब्रशाशिवाय काही धरता येत नाही, त्याची भिंत इतकी सरळ आली होती की बघत राहावं. ओळंब्याशिवाय अशी भिंत उभी राहत नाही, एवढं गवंड्याच्या मुलाला कळत होतं. विचारलं तर रंगारी म्हणाला, जमतंय हळूहळू, आणि नजर चुकवून रंगाचा डबा ढवळायला लागला. झालं, आणखी पुरावा काय हवा! बायको म्हणाली, उगाच कुणाच्या नावाने बोंब मारू नका. पण यांचं ठरलं होतं. बोळात दिवा बसवायचा, मुद्देमालासकट पकडायचं, पोलिसांत द्यायचं. शेजार गेला खड्ड्यात.

रविवारी संध्याकाळी वायरमन आला. चाहूल लागली की आपोआप पेटणारा दिवा त्याने खोलीच्या दारावर बसवला आणि शिडीवरूनच सांगितलं, की कुणीतरी फाटकापासून चालत या, म्हणजे याचा डोळा कुठे रोखायचा ते बघतो. तपासनिसाने मुद्दाम रंगाऱ्यालाच हाक मारली. त्याला त्याची चाल बघायची होती. रंगारी आला, हलणाऱ्या फरशीवर धडपडला, आणि खोलीचं दार ओढायचं की ढकलायचं तेही त्याला उमगेना. सोंग छान वठवतोय, असं तपासनीस मनाशी म्हणाला.

वायरमनचं समाधान होईना. कुणी भिंतीच्या कडेकडेने आलं तर? खुर्चीत बसलेल्या आबांना तो म्हणाला, आजोबा, तुम्ही या बरं. आबांनी गुडघ्यांच्या नावाने कुरकुर केली, पण उठले. एक हात भिंतीला लावून निघाले. हलणारी फरशी त्यांनी न बघताच ओलांडली. मग तपासनिसाच्या झोपायच्या खोलीची खिडकी आली. आत कुणी नव्हतं, सगळं घर तर बोळात उभं होतं. तरी आबा कमरेत वाकले आणि खिडकीखालून अलगद पुढे सरकले.

दिवा पेटला. आबा तिथेच थांबले. आपण काय केलं ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. रंगारी खाली बघत होता.

"पहाटे फिरायला म्हणून जाता ते हे?" तपासनिसाने विचारलं. "ती भिंत तुम्ही बांधताय?"

"त्याच्याकडे कशाला बघतोस? कुणाला सांगू नकोस म्हणून मीच त्याला शपथ घातली होती." आबा सावकाश सरळ झाले. "हत्यारं माझी आहेत. पन्नास वर्षं वापरली. आता ती घ्यायला मला असं वाकून जावं लागतं."

तपासनिसाची मान खाली गेली. इतकी सरळ भिंत रोज बघितली, त्यात चोर शोधला, आणि बापाचा हात मात्र ओळखला नाही. रंगाऱ्याकडे बघायची तर त्याला हिंमतच होईना.

शिडीवरून वायरमन विचारत होता, की डोळा भिंतीकडे वळवू का, म्हणजे कुणी सुटायचं नाही. खोलीत जाऊन तपासनिसाने उरलेली हत्यारं गोणपाटासकट उचलली, घरातून चालत पुढच्या दाराशी नेली आणि आबांच्या चपलांशेजारी ठेवली.