सरबतवाल्यांचं मंडळ

पिणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्याहून जास्त राग येतो तो कधीच न चुकणाऱ्या माणसांचा. हे मी मरियामातेच्या देवळाच्या पायरीवर उभी राहूनसुद्धा सांगेन.

ऑगस्टीन माझा पाठचा भाऊ, निर्मळ गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. बाबांनी केळीच्या बागेत हाडं झिजवून त्याला मुंबईला होस्टेलात ठेवला, आणि हा पठ्ठ्या पहिल्याच वर्षी प्यायला शिकून आला. दारूबंदी होती म्हणे! असेल सरकारच्या कागदावर. सुटीत घरी आला की बाबांच्या नजरेला नजर देत नसे, आणि बाबा बिचारे अभ्यासाने पोर वाळलं म्हणून त्याच्या ताटात मासळी वाढत.

मग त्याच्या कॉलेजात पोरांनीच एक मंडळ काढलं. शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये जमायचं, गाणी, कॅरम, नकला, आणि प्यायला कोकम सरबत. दारूशिवाय मजा येते हे दाखवायचं. बाकीची पोरं त्यांना सरबतवाले म्हणून चिडवायची. मंडळाचा अध्यक्ष आमच्याच बाजूच्या पापडी गावचा फ्रेडरिक, कडक इस्त्रीचा आणि कडक बोलण्याचा. पण उपकार विसरणार नाही मी. त्यानेच ऑगस्टीनला हाताला धरून तिथे नेलं, मंडळाचं व्हायोलिन वाजवायला दिलं. वर्षभरात माझा भाऊ माणसात आला. एकदा केळफूल सोलता सोलता मला म्हणाला, ‘बाय, शनिवार येणार म्हणून बाकीचे दिवस निघतात गं.’

आणि बाबा तापाने गेले.

आमच्यात रीत होती. माती देऊन आलं की मुलाने दारूचा पहिला घोट घ्यायचा, मग खांदेकऱ्यांनी, मग सगळ्यांनी पानावर बसायचं. त्याशिवाय गेलेल्याचा निरोप पुरा होत नाही म्हणत. त्यासाठी बंदीतही घरोघर एखादी बाटली लपवलेली असे. पास्कलकाकांनी पेला पुढे केला. ऑगस्टीन म्हणाला, सरबताने निरोप देतो. खांदेकरी अंगणात ताटकळले, आईने पदर तोंडावर घेतला. काका काही वाईट माणूस नव्हे, ते स्वतःच ढसाढसा रडत होते. ‘बापाला असाच पाठवतोस, पोरा?’ एवढंच म्हणाले. ऑगस्टीनने एक घोट घेतला. मग विहिरीवर जाऊन खळाखळा चूळ भरली आणि त्या दिवशी पुन्हा बाटलीकडे पाहिलं नाही.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण मंडळात खोटं बोलायचं नाही, म्हणून याने पुढच्याच शनिवारी उभं राहून सगळं सांगितलं. जो पिईल तो वर्षभर बाहेर, असा नियम. फ्रेडरिकने बाबांबद्दल दुःख व्यक्त केलं आणि नियम सगळ्यांना सारखा म्हणून सांगितलं. कुणी विरोध केला नाही. ऑगस्टीनने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि होस्टेलातल्या खोलीवर गेला.

आता शनिवारी जायचं कुठे? जुन्या पिणाऱ्या दोस्तांचं दार उघडंच होतं. त्यांच्यात कुणी नियम विचारत नव्हतं. नाताळला घरी आला तो पीतच, आणि परत गेलाच नाही. परीक्षाही बुडाली. मी भांडले, रडले, खोलीला कडी घातली. आई दिवसभर जपमाळ ओढत बसे. काही उपयोग झाला नाही.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत फ्रेडरिक आमच्या अंगणात आला. चेहरा उतरलेला. चूक आमची झाली म्हणाला, नियम आम्ही बदलला, तुला न्यायलाच आलोय. त्याला चार शब्द सुनावायचे म्हणून मी पुढे झाले होते, पण ते ऐकलं आणि मनातल्या मनात मरियामातेला हात जोडले. जा रे बाबा, ऊठ, याच्याबरोबर जा.

ऑगस्टीन ओट्यावर बसला होता. सकाळची वेळ, तरी तोंडाला वास होता.

‘फ्रेडरिक,’ तो हळूच म्हणाला, ‘आता तुझ्यासमोर बसायलासुद्धा मला आधी प्यावी लागते.’

फ्रेडरिक तिथेच खाली बसून रडू लागला. माझा भाऊ तोल सावरत उठला, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि आईला म्हणाला, पोर उन्हातून आलंय, त्याला जेवायला वाढ.