बाल्कनीतलं लाल बटण

बायको, मालसुन, गेल्यावर तिच्या हातची घरात एकच गोष्ट उरली होती, बाल्कनीतल्या किमचीच्या वेगळ्या फ्रिजमधला आंबवलेल्या तिखट कोबीचा अर्धा डबा. सांगचल रविवारी त्यातलं एक पान कापून घ्यायचा आणि भाताबरोबर पुरवून पुरवून खायचा. बाकीचे दिवस दुकानातली किमची.

तिच्या सवयीही त्याने चालू ठेवल्या होत्या. दुधाचे खोके धुऊन, कापून वाळवायचे, बाटल्यांवरचे कागद सोलायचे. ती होती तेव्हा तो हसायचा.

"तुझ्या एका खोक्याने जग वाचणार आहे का गं?"

"जगाचं राहू द्या. तुम्ही आधी टीव्हीचं बटण बंद करा. झोपला तरी वीज खातच असतो, अगदी तुमच्यासारखा."

ऑगस्टमध्ये मुलगी युन्ही त्याला उल्सानला आपल्या घरी न्यायला आली.

"आप्पा, चला ना! गाडी तापून भट्टी झालीय."

"आलो गं. तुझ्या आईसारखं सगळं बंद करू दे."

तो खोल्याखोल्यांतून फिरला. टीव्ही, पंखा, भाताचा कुकर. बाल्कनीत कपडे धुण्याच्या मशीनचा प्लग विजेच्या एका एक्स्टेन्शन पट्टीत खोचलेला होता. त्याने पट्टीचं लाल बटण दाबलं. बटणातला दिवा विझला. जाताना मालसुनच्या फोटोकडे बघून म्हणाला, "झालं समाधान?"

दोन आठवड्यांनी परत आला. दार उघडलं आणि वास आला.

किमचीच्या फ्रिजचा प्लगही त्याच पट्टीत होता. मालसुन फक्त मशीनचा प्लग उपसायची, लाल बटणाला हात लावत नसे. त्याला ते माहीत नव्हतं. ती घरभर फिरायची तेव्हा तो खाली गाडीत जाऊन बसलेला असायचा.

डब्यात वर पांढरी बुरशी धरली होती. त्याने हात घालून तळाचं पान काढलं. ते बोटांतच विरघळलं. तरी तोंडात घातलं, आणि थुंकलं.

मीठ-तिखट ओल्या कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही, हा तिचाच नियम. त्याने सगळी किमची चाळणीत घेऊन नळाखाली धरली. पाणी लाल गेलं, मग गुलाबी, मग स्वच्छ. पिळल्यावर उरला पांढरा, बेचव कोबीचा गोळा.

खाली ओला कचरा तोलून घेणाऱ्या यंत्राच्या पेटीपाशी इमारतीचा रखवालदार गुमन झाडत होता.

"आलात काका? लेकीने खाऊ घालून गोल केलंय की तुम्हाला! आणि आल्या आल्या कचरा? काकूंनी वळण भारी लावलंय हं."

"लावलंय."

सांगचलने पेटीला घराचं कचऱ्याचं कार्ड टेकवलं. पेटीचं झाकण उघडलं. तो तसाच उभा राहिला.

"टाका की काका. ती काही चावत नाही."

त्याने टाकलं. पेटीने बाईच्या आवाजात कचऱ्याचं वजन सांगितलं, धन्यवाद म्हटलं. झाकण मिटलं.

वर येऊन त्याने रिकामा डबा घासायला घेतला. वास जाईना. तिच्या लसूण-मिरचीचा कुठला आणि बुरशीचा कुठला, ते त्याला वेगळं करता येईना. शेवटी डबा पालथा घालून तो बाल्कनीत गेला. पट्टी अजून बंदच होती. लाल बटणाकडे थोडा वेळ बघत राहिला. तिचा डबाच नाही, तर आता ते दाबायचं कशाला?