डन्लॅपने पळवून आणलेली कचेरी

मी एक जुनी लाकडी कचेरी आहे, आणि माझ्या गावावर माझा राग आहे. मित्रांनो, तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

अमेरिकेत, कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखात, कोरिंथ नावाच्या गावी सुतारांनी मला बांधले. काउंटीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, खटले, लग्ने, जमिनीचे व्यवहार सारे माझ्या छपराखाली होत. ज्या गावात कचेरी, त्या गावाचा रुबाब. शेजारच्या डन्लॅप गावाच्या पोटात हे दुखत होते. एका हिवाळ्यात सगळे कोरिंथ प्रार्थनेला गेले असताना डन्लॅपकर घोडे आणि ओंडके घेऊन आले. त्यांनी मला पायावरून उचकटले, ओंडक्यांवर चढवले आणि गोठलेल्या माळरानावरून ओढत नेले. पाद्रीबाबांचे प्रवचन संपेपर्यंत मी गावाबाहेर पोचले होते. प्रार्थना चुकवून आत शेगडीपाशी बसलेला कारकूनही माझ्याबरोबर आला.

डन्लॅपमध्ये मी मान खाली घालून काम केले. पुढे विटांची नवी कचेरी झाली आणि मला कुलूप लागले. तेव्हापासून हे लोक दरवर्षी ‘पळवणी दिन’ साजरा करतात. घोडे मिरवतात, माझ्या पायरीवर बसून कणसे खातात, मला गावाची शान म्हणतात. त्या शानीचे छप्पर गळते हे पाहायला एकही पठ्ठ्या शिडी लावून वर चढला नाही.

एकटी व्हर्ना स्टकी येत असे. ती निवृत्त शिक्षिका, इतिहास मंडळाची अध्यक्ष. ती मला झाडायची, गळतीखाली बादल्या ठेवायची. “तुला मी पडू देणार नाही गं,” म्हणायची. मी वेडी, मला ते खरे वाटले.

यंदा मला पाडायचे ठरू लागले. त्याची सभा माझ्याच खोलीत भरली. कोरिंथचा शेतकरी ऑर्व्हिल टीग टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“आम्हाला द्या. पाया घालून ठेवलाय, छपराचे पत्रे आणलेत. ट्रेलरवर चढवू नि नेऊ.”

“आले बघा कोरिंथवाले भीक मागायला!” मागून डेल नावाचा दुकानदार ओरडला. सगळे खो-खो हसले.

“भीक कसली रे? चोरीचा माल परत मागतोय. तोही विचारून. तुमच्या पणजोबांना तेवढं सुचलं नव्हतं.”

गलका झाला. शेवटी सभेचा प्रमुख म्हणाला, “व्हर्नाबाई, हिच्यावर जीव तुमचा. तुम्ही म्हणाल तसं करू.”

व्हर्ना उठली.

“माझ्या पणजोबांनी ही ओढून आणली. ती कोरिंथच्या घशात घालायची? त्यापेक्षा पाडा.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझ्या खिडक्या थरथरल्या. ऑर्व्हिल टोपी घालून निघून गेला.

उद्या यंत्र येणार आहे. आज व्हर्ना आली होती. रडत रडत तिने माझ्या दाराची पितळी मूठ काढून घेतली. “तेवढीच तुझी आठवण,” म्हणाली. मला तिची जराही दया आली नाही.

मित्रांनो, मला छप्पर हवे होते, आणि ते कोरिंथमध्ये तयार होते. तुमच्या गावातल्या जुन्या वास्तूवर तुमचे खरोखर प्रेम असेल, तर आधी शिडी लावून वर चढा. ते होत नसेल, तर जो चढायला तयार आहे त्याच्या हाती तिला द्या, मग तो तुमचा सात पिढ्यांचा वैरी का असेना.