आधीचं दृश्य

कॅमेरावाल्याने खिडकीचा पडदा ओढला आणि खोली एकदम आजारी दिसायला लागली.

"हां, आता जमलं," तो म्हणाला. "मघाशी फारच प्रसन्न वाटत होतं."

शिवणकाम करणारी बाई मशीनजवळ काठी टेकून उभी होती. सकाळपासून सांगतील ते सगळं तिने केलं होतं. जिना उतरून दाखवला, चढून दाखवला, मशीनवर बसून उशीचा एक अभ्रा शिवला. ठेवणीतले कपडे घातले होते, चेहऱ्याला पावडर लावली होती. काम संपलं असं वाटून ती चहा टाकायला निघाली, तेवढ्यात संस्थेच्या मुलीने तिला थांबवलं.

मुलगी संस्थेसाठी फिल्म करत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, त्यांना पुन्हा पायांवर उभं करायचं, हे संस्थेचं काम. जिन्यावरून पडून बाईची पाठ गेली, तेव्हा दीड वर्ष तिथलीच थेरपिस्ट घरी यायची.

"ताई, एक राहिलंय," मुलगी चाचरत म्हणाली. "आधीचं दृश्य. तुम्ही झोपून होतात तेव्हाचं आमच्याकडे काहीच नाही."

"मग?"

"थोडा वेळ पुन्हा झोपाल का? खाटेवर?"

खाट आतल्या खोलीत भिंतीला उभी करून ठेवली होती. ती नजरेला पडू नये म्हणून बाईने पुढे कापडाचे गठ्ठे रचले होते. पहिल्यांदा दारापर्यंत चालत गेली त्याच दिवशी तिने स्वतःला बजावलं होतं, की आता पुन्हा या खाटेवर पाठ टेकायची नाही.

"नुसतं चालताना दाखवलं तर नाही का भागणार?"

"बरं झालेलं माणूस बघून लोक खूश होतात ताई, आणि पुढे निघून जातात." मुलगी खाली बघत बोलत होती. "देणारे कमी झालेत. थेरपिस्ट दोघीच उरल्यात. आणि वाट बघणारी माणसं तुमच्यासारखीच पडून आहेत."

बाईने हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. मग दाराकडे बघितलं.

दाराच्या चौकटीला टेकून तिचा नवरा उभा होता. तो एका गोदामात पॅकिंगचं काम करायचा. आज अर्धी रजा टाकून आला होता आणि आल्यापासून घुम्यासारखा होता. ती चालायला लागल्यापासून दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं. गॅस संपला, नळ गळतोय, एवढंच. काम सुटलं तरी तो बाहेरच कुठेतरी रेंगाळायचा.

त्याने गठ्ठे बाजूला केले आणि खाट उचलून आणली.

तिने पावडर पुसली. जुना गाऊन शोधून घातला. कॅमेरावाल्याने काठी उचलून बाहेर नेली. ती आडवी झाली, तसा छतावरचा ओलीचा डाग पुन्हा डोळ्यांसमोर आला. मधल्या काळात तो चांगलाच पसरला होता.

"तेव्हा दिवसभर काय चालायचं?" मुलीने विचारलं.

"काय चालणार? पडून राहायचं." तिने नवऱ्याकडे बघितलं. "संध्याकाळी हे केस विंचरायचे माझे. वेणी घालायला शिकले होते. अगदी पार्सल बांधल्यासारखी घट्ट."

कॅमेरावाला हसला. नवऱ्याच्याही ओठांची कड हलली.

"करून दाखवाल, दादा?"

तो खाटेच्या कडेला बसला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने आधी तिच्या मानेखाली हात घालून डोकं अलगद उचललं आणि दबलेले केस सोडवून घेतले. मग टोकाकडून विंचरायला सुरुवात केली. गुंता लागला की केस मुठीत धरायचा, मुळाशी ओढ बसू नये म्हणून.

"दुखतंय का गं?"

गॅस संपल्याचं सांगायचा तो हा आवाज नव्हता. बाईने छतावरची नजर त्याच्याकडे वळवली.

"नाही," ती म्हणाली.

कॅमेरा चालू राहिला. मग मुलगी डोळे पुसत म्हणाली, "झालं. हेच हवं होतं आम्हाला."

दिवे विझले. वायरी गुंडाळल्या गेल्या. सामान गाडीत ठेवायला दोघं बाहेर गेली. नवरा विंचरतच होता.

"झालं म्हणाली ती," बाई हळूच म्हणाली.

"हो."

कंगवा थांबला नाही. थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघताच, तो बोलला.

"तेव्हा काम सुटलं की मी पळत घरी यायचो. आल्याबरोबर काय करायचं, ते ठाऊक असायचं." त्याने केसांचे तीन पेड केले. "आता दारात आलो की काही सुचतच नाही."

ती छताकडे बघत राहिली. त्याने वेणी घातली, शेवटी गाठ मारली आणि कंगव्यात अडकलेले केस एकेक करून काढत बसला.

"ताई, या ना बाहेर!" मुलीची हाक आली. "सगळ्यांचा एक फोटो काढू!"

बाईने कोपर टेकलं. अर्धी उठलीही. मग तिने सावकाश डोकं पुन्हा उशीवर ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "जरा उठवा मला."

कंगवा खाली ठेवून तो लगेच वाकला. एक हात पाठीखाली, एक काखेत. त्याने तिला उभं केलं, तेव्हा तिने पायांवर भार टाकला नाही.