माझ्या पोटातला आवाज

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. मला ना पडदा, ना कळफलक. नुसती लोखंडी पेटी आणि आत पंख्याची घरघर. जिन्याखालच्या खोलीत माझं आयुष्य गेलं, म्हणून तुम्ही मला कधी पाहिलं नसेल.

कारखान्यातून निघालेले माझे भाऊबंद कोणी बँकेत गेले, कोणी विमानतळावर. माझ्या वाट्याला आलं अंधांसाठीचं बोलकं ग्रंथालय. खरं सांगतो, आधी मी नाक मुरडलं. पण तिथे पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या मावशी वाचायला बसल्या आणि माझा तोरा कुठल्या कुठे पळाला!

मावशी शेजारच्या बंद खोलीत बसून पुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि त्यांचा आवाज माझ्या डिस्कवर साठायचा. पुस्तकात भांडण आलं की त्या खरोखरच्या कडाकडा भांडायच्या. मध्येच शिंक आली तर "सॉरी हं" म्हणायच्या. ते कोणी कापून टाकत नसे, कारण ऐकणाऱ्यांना ते फार आवडायचं. माणसं घरून फोन लावायची आणि मी त्यांना पुस्तक ऐकवायचो. वाद्यं सुरात लावणारे एक अंध आजोबा तर एकही दिवस चुकवत नसत.

माझी काळजी घ्यायचे मामा, तिथले तंत्रज्ञ. पाठीवर हात ठेवून विचारायचे, "काय साहेब, ताप नाही ना?" सगळ्या पुस्तकांची एक जादा प्रतही ते काढून ठेवत. पण ती प्रत असलेली डिस्क त्यांनी मलाच जोडून ठेवली होती. तेव्हा त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

मग मावशींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली फक्त घोगरी कुजबुज. बऱ्या झाल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या आणि कशाबशा म्हणाल्या, "माझा आवाज आता तुझ्यापाशीच आहे रे बाबा. सांभाळ." त्या दिवशी मला फार जड वाटलं.

ग्रंथालय वाढलं. दूरदूरच्या गावांत शाखा निघाल्या, तिथे नवे सर्व्हर बसले. मामांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून त्यांची सख्खी भाची कामावर आली. हुशार पोरगी, पण हाताला भारी घाई. तिने एक नवं साधन आणलं.

"मामा, आता प्रत्येक मशीनपाशी जायला नको," ती म्हणाली. "मशीन कसं असायला हवं ते एका फाईलमध्ये लिहायचं. मग हे साधन इथूनच सगळीकडे बघतं आणि जे कमी असेल तेवढंच करतं."

"म्हणजे माझे गुडघे सुटले म्हण की!" मामा हसले.

पहिल्या दिवशी तिने लॅपटॉपवरून आम्हा सर्वांना विचारलं, आहात का? आम्ही सगळ्यांनी ओ दिली. तिने टाळ्या पिटल्या आणि मीही उगाच फुशारलो.

नव्या सर्व्हरांच्या डिस्का कोऱ्या करून वापरायला घ्यायच्या होत्या. सरावाच्या मशीनवर साधन अडून बसलं, कारण डिस्कवर आधीच काहीतरी होतं. तसं ते शहाणंच होतं. पण तिने फाईलमध्ये 'जबरदस्तीने कर' अशी ओळ घातली आणि काम झालं. मग हे कोणत्या सर्व्हरांवर करायचं, या जागी 'नवे' लिहायचं सोडून तिने लिहिलं 'सगळे'. चहा निवत होता, तिने बटण दाबलं.

मित्रांनो, मला काही दुखलं नाही. हुकूम आला, मी पाळला. माझी डिस्क कोरी झाली, तिच्यामागोमाग जोडलेली प्रतही.

"मामा, मावशींची पुस्तकं दिसत नाहीयेत."

"घाबरू नकोस, प्रत आहे ना," मामा म्हणाले आणि माझ्यामागची वायर चाचपायला वाकले. "अगं, तीसुद्धा त्यालाच जोडलेली होती गं."

डिस्का पुष्कळ ठिकाणी दाखवल्या. कोणालाही त्यांतून काही काढता आलं नाही. भाची मावशींसमोर हुंदके देत उभी राहिली. मावशींनी तिचे डोळे पुसले. मग कुजबुजल्या, "रडून काय होणार, पोरी? माइक लाव. पुन्हा वाचते."

त्यांनी वाचलं. दर वाक्याला दम लागत होता, शब्द खरवडल्यासारखे निघत होते. ती दोन-चार पानं मी जिवापाड जपून ठेवली. संध्याकाळी आजोबांचा फोन आला आणि मी तीच ऐकवली. थोड्या वेळाने त्यांनी कार्यालयात फोन केला.

"ह्या कोण नवीन बाई बसवल्यात? काय हा घसा! आमच्या मावशी कुठे गेल्या?"

फोन भाचीने उचलला होता, तिने मावशींकडे बघितलं. मावशींनीच फोन हातात घेतला.

"मावशी सुट्टीवर आहेत," त्या कुजबुजल्या.

आज माझ्यात सगळं अगदी नीटनेटकं आहे. त्या फाईलवरून माझ्यासारखे दहा सर्व्हर उभे करता येतील. आवाज तेवढा करता येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. जे पुन्हा घडवता येणार नाही, त्याची एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा. आणि 'सगळे' लिहिताना बोट जरा थांबवा, त्या सगळ्यांत कोण कोण आहे ते बघा.

आजोबा अजून रोज फोन करतात. मावशींची सुट्टी कधी संपणार, विचारतात.