गंजीवरचा बापू

"काड माझं, रान माझं! पेटवीन नाहीतर उरावर घेऊन बसेन!" बापू ओरडला आणि खरंच गंजीवर चढून बसला.

आमचं रान या दोघा बहीणभावांच्या रानांच्या मधोमध, म्हणून सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, रानात पत्र्याचं शेड टाकून यंत्र बसवलं होतं. एकीकडून गव्हाचं काड कोंबायचं, दुसरीकडून दाबलेले ठोकळे निघायचे. साबण कारखान्याचा ट्रक ते भट्टीत जाळायला न्यायचा. ओलं, कुजकं काड गोबरगॅसच्या टाकीत जायचं. त्यावर आक्काची चूल चालायची.

बापू दरवर्षी काड रानातच पेटवायचा आणि धुरानं आक्का खोकून बेजार व्हायची. यंदा तिनं मागितलं तर म्हणाला, "ने की, माझी काडेपेटी वाचेल." पण ट्रक दिसला आणि कचऱ्याचं सोनं झालं. घराएवढी गंजी रचून बापू राखणीला बसला. त्याआधी चौकीतही जाऊन आला.

"साहेब, बहीण माझा कचरा चोरणार आहे."

हवालदार म्हणाला, "चोरला की सांगा. आमचाही थोडा न्यायला लावा."

दोन दिवसांनी अवकाळी पाऊस झोडपून गेला. बापू छत्री धरून वरच. बायको शिडीवरून डबा द्यायची आणि शिव्या घालायची. आठवडा गेला, तसा बापू खूश दिसू लागला.

"काय रे, कंबर दुखत नाही?" मी खालून विचारलं.

"उलट शेक मिळतोय! खालून ऊब येते बघ." त्यानं बसायला खड्डा केला आणि आणखी आत रुतला.

हे कानावर जाताच आक्का पळतच आली. "बापू, उतर! ओलं काड आत तापतं, पेट घेईल!"

"तुझी चाल कळते मला."

"अरे, पहार खुपसून तरी बघ!"

मी पहार खुपसली, घटकाभरानं ओढली आणि टाकूनच दिली. हात भाजला.

"तू फितूर आहेस," बापू उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा वरून म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मागून पांढरा धूर निघाला.

"बापू, धूर!"

"वाफ आहे ती!"

मग तो एकदम ताठ उभा राहिला. विजारीचं बूड पेटलं होतं. "आक्काऽऽ!" लहानपणी मारायचा तशी हाक मारून त्यानं उडी टाकली. आक्कानं त्याला गुरांच्या पाण्याच्या डोणीतच बसवला. डोणीतलं पाणी चर्रकन वाजलं, ते मी ऐकलंय.

संध्याकाळपर्यंत आम्ही पाणी मारत गंजी फोडून पसरली. गाभा काळा पडला होता, तो आक्कानं टाकीत घातला. बाकीचं वाळत घातलं.

"निम्मं वाचलं," आक्का म्हणाली.

"माझं की काडाचं?" बापू पालथा पडून विचारत होता. सुंभ जळला, पण पीळ तसाच.

चार दिवसांनी शेडात गेलो, तर बापू यंत्राच्या तोंडाशी काड कोंबत उभा.

"दिलजमाई झाली म्हणायची," मी म्हणालो.

"कसली दिलजमाई? घरी सगळे बस बस करतात. इथं कुणी बसायला सांगत नाही."

आक्का हळूच मला म्हणाली, "त्याला हटकू नकोस. दिवसभर उभा राहणारा गडी दोन वर्षं शोधत होते मी."